मापात पाप

'पर्यंत' हा मराठीतला तसा निरुपद्रवी शब्द. 'मी स्टेशनपर्यंत चालत गेलो' असे वाक्य शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून दिले तेव्हा त्यात फसवणुकीला कुठे जागाच नव्हती. स्टेशन आले की 'पर्यंत' संपत असे. पुढे या शब्दयोगी अव्ययाला जाहिरातीत नोकरी लागली आणि त्याची वागणूक बदलली. 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' असे दुकानावर लिहिलेले असले तर आत सूट दहा टक्केच असणार, हे आता पोरासोरांनाही कळते. पण साडीच्या दुकानातून आपण पाठ फिरवून बाहेर येऊ शकतो. 'शंभर एमबीपीएसपर्यंत वेग' असे सांगून ज्याने घरात वायर आणून ठेवली आहे आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आहेत, त्याच्याकडे पाठ फिरवून जायचे कुठे?

उद्या दूधवाला म्हणाला, 'काका, रोज लिटरपर्यंत दूध घालीन, पैसे मात्र लिटरचे,' तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप आणून दाखवा म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मंडईतल्या भाजीवालीच्या तराजूवरसुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि ठरावीक मुदतीने तो नवा करून घ्यावा लागतो. कोथिंबिरीच्या जुडीपासून सोन्यापर्यंत सगळ्याला माप आहे आणि मापाला राखणदार आहे. घराघरांत महिन्याच्या खर्चात विजेच्या बिलाशेजारी जाऊन बसलेल्या इंटरनेटच्या बाबतीत मात्र माप विकणाऱ्याच्या हातात, मोजणारा तोच, आणि कमी भरले तर 'तुमच्याच घरात काहीतरी बिघाड असेल' असे सांगणाराही तोच.

वरूनच कमी येतंय

मी घरी बसून अनुवादाची कामे करतो. पुण्याच्या उपनगरात, सोसायटीत राहतो. दिवसभर कामात काही अडत नाही. रात्री नऊच्या सुमाराला मात्र इंटरनेट असे मंदावते की पन्नास पानांची एक फाइल पाठवायला जेवण उरकावे लागते. कंपनीचे नाव सांगून उपयोग नाही. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीची वायर आहे आणि तिथली मंडळीही हेच सांगतात.

एक महिना मी वही ठेवली. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळांना, राउटरला थेट वायर जोडून वेग मोजायचा आणि तारखेपुढे लिहायचा. सकाळचे आकडे नव्वदीच्या आसपास, दुपारचे सत्तर-ऐंशी, रात्रीचे बहुतेक दिवशी वीसच्या आत. ही वही समोर ठेवून ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. 'सर, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.' केला. 'सर, आमच्या इथून तुमची लाइन ओके दिसत्येय.' दिसणारच, कारण फोन मी सकाळी अकराला केला होता. रात्री साडेनऊला केला तेव्हा 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत' ही ध्वनिमुद्रित बाई सतार ऐकवत होती. ती सतार मात्र एकदाही अडखळली नाही.

तिसऱ्या तक्रारीनंतर एक पोरगा आला. खांद्यावर वायरचे वेटोळे, कमरेला पक्कड. तो कंपनीचा नोकर नव्हता, कंपनीने भागातल्या ज्या केबलवाल्याला काम दिले आहे त्याचा माणूस. त्याने वायर तपासली, प्रकाश किती येतो ते यंत्र लावून पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, 'काका, तुमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही. वरूनच कमी येतंय. संध्याकाळी सगळेच बसतात ना.' नळाला पाणी कमी आले की वॉलमन जे सांगतो तेच शब्द. मी त्याला विचारले, 'हे तू तक्रारीच्या अर्जावर लिहून देशील का?' तो हसला. अर्जावर त्याने लिहिले, 'समस्या सोडवली.' त्याच्याही पोटाचा प्रश्न होता, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

पण त्याचे वाक्य खरे होते आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

हजार पत्रिका, सहाशे पाने

लग्नाच्या हजार पत्रिका वाटल्या तरी आचारी स्वयंपाक हजारांचा करीत नाही. सगळेच येणार नाहीत, आलेले सगळे एकाच पंगतीला बसणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. इंटरनेटचा धंदाही याच हिशेबावर चालतो. शंभर एमबीपीएसचे पन्नास ग्राहक असले तर कंपनी पाच हजार एमबीपीएसची वाट बांधत नाही. पन्नास घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही उतरवून घेत आहेत असे सहसा घडत नाही. यात गैर काही नाही. सगळ्यांसाठी स्वतंत्र वाट बांधायची तर बिल कुणालाच परवडणार नाही. या भागीदारीचे प्रमाण किती असावे यालाही नियम झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस ही मर्यादा घालून दिली.

आता याचे गणित करून पाहा. शंभर एमबीपीएसच्या वाटेवर पन्नास घरे खरोखरच एकदम आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन एमबीपीएस येतात. अगदी टोकाचा हिशेब झाला, रोज रात्री इतके वाईट होत नाही. पण रात्री नऊला पंगत मोठी असते हे आचाऱ्याला आधीच माहीत असते. मालिका, क्रिकेट, पोरांचे खेळ, परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल हे सगळे त्याच वेळी. त्यामुळे गर्दीच्या वेळी वेग थोडा उतरणे हा अपघात, आणि रोज त्याच वेळी निम्म्याहून खाली उतरणे हा कंपनीने घेतलेला निर्णय. वाट रुंद करायला पैसा लागतो. तो खर्च पुढे ढकलला की तेवढी मंदी आपल्या घरात येते.

ट्रायच्या २००६ सालच्या दर्जाविषयक नियमांत हे ओळखलेले होते. गर्दीच्या तासातही कंपनीच्या वाटांचा वापर ऐंशी टक्क्यांच्या आत राहावा आणि कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत विकलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, असे त्यात म्हटले होते. शब्द नीट वाचा: 'कंपनीच्या केंद्रापासून'. तिथून पुढे जगभरचे जे जाळे आहे त्याची हमी त्यात नाही, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट कित्येक दिवस रखडले. त्याचा दोष गल्लीतल्या केबलवाल्याला देता येत नाही. पण या मर्यादेमुळे एक पळवाटही तयार होते. वेग मोजण्याची चाचणी आपण चालवतो तेव्हा ती पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यातल्या जवळच्या यंत्रापर्यंत जाऊन परत येते. आकडा झकास दिसतो. पाहायचे असते ते मात्र दूरचे, आणि तिथे चाक फिरत राहते.

आणखी एक गोष्ट, कंपन्यांच्या बाजूची, सांगितली पाहिजे. घरातल्या मंदीचे कारण कित्येकदा खरोखरच घरात असते. राउटर टीव्हीमागे दडवलेला, मध्ये दोन भिंती, शेजारच्या बारा वाय-फायचा गोंगाट. म्हणून वायर जोडून मोजल्याशिवाय भांडायला जाऊ नये. शिवाय बिट आणि बाइट यांचा घोळ आहेच. जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. जुन्या हिशेबात रुपयाचे दोन आणे. हा घोळ कंपन्यांनी निर्माण केलेला नाही, परंतु तो दूर करण्याची तसदी त्यांनी घेतल्याचेही माझ्या पाहण्यात नाही. मोठा आकडा जाहिरातीत शोभून दिसतो.

साडेचार तासांचा महिना

गर्दीमुळे येणारी मंदी निदान सगळ्यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या प्रकारची मंदी नाव पाहून घरी येते. तिचे नाव 'फेअर यूसेज पॉलिसी', लघुरूप एफयूपी, आणि मराठीत सांगायचे तर 'वाजवी वापराचे धोरण'. वाजवी कुणाच्या दृष्टीने, हे नावात सांगितलेले नाही.

२०१३ साली माझ्याकडे जो प्लॅन होता तो असा: ८ जीबीपर्यंत ४ एमबीपीएस, पुढे महिना संपेपर्यंत २५६ केबीपीएस. वर ठळक अक्षरांत 'अमर्याद'. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. ८ जीबी संपायला सोळा हजार सेकंद लागतात, म्हणजे जेमतेम साडेचार तास. तीस दिवसांच्या महिन्यात सातशेवीस तास असतात. ज्या वेगाची जाहिरात केली त्या वेगाचा पुरवठा त्यांतले साडेचार तास! उरलेले सातशे पंधरा तास जो वेग, तो २००४ सालच्या धोरणात ब्रॉडबँड म्हणायला किमान आवश्यक मानलेला, बरोबर काठावरचा. २०१३ च्या जुलैत सरकारने ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएस केली. त्या दिवसापासून महिन्यातले बहुतेक तास माझ्या घरी जे येत होते ते सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड नव्हतेच. बिलावर मात्र 'ब्रॉडबँड शुल्क' असेच छापलेले असे.

या बाबतीत ट्राय हातावर हात धरून बसले होते असे नाही. २०१२ साली, आणि पुन्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्यांनी कंपन्यांना आदेश दिले: मर्यादा किती, मर्यादेपर्यंत वेग किती, मर्यादेनंतर किती, हे जाहिरातीत आणि ग्राहकाला स्पष्ट सांगा, वापर मर्यादेजवळ आला की कळवा. २०१६ च्या आदेशात मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसखाली जाऊ देऊ नये असे बजावले. सुधारणा झाली, नाही असे नाही. तारेवरचे प्लॅन पुढे पुष्कळ उदार झाले; काही 'अमर्याद' प्लॅनमधली छुपी मर्यादा महिन्याला ३३०० जीबीपर्यंत गेली, आणि साध्या कुटुंबाला ती गाठणे कठीण आहे. पण स्वस्तातल्या प्लॅनची गोष्ट वेगळी आणि स्वस्तातला प्लॅन घेणाऱ्याचीच अडचण मोठी असते.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक शिक्षिका राहतात. खासगी शाळेत कंत्राटावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जूनपासून त्यांची शाळा स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी भरू लागली. बाईंचे रोजचे चार तास, दोन मुलांचे वर्ग, यजमानांच्या कचेरीच्या बैठका. सगळ्याला मिळून एकच वायर आणि सर्वांत कमी भाड्याचा प्लॅन. वीस तारखेच्या सुमारास मर्यादा संपे आणि वेग एक एमबीपीएसवर येई. एक एमबीपीएसमध्ये चार जण! बाईंचा आवाज तुटू लागे, पलीकडून पालकांचे निरोप येत, 'मॅडम, काही कळत नाही.' थोरल्याची हजेरी लागत नसे, कारण हजेरीच्या क्षणी त्याचे चित्र गोठलेले असे. न झालेल्या तासांचे पैसे शाळेने बाईंच्या पगारातून कापले. शेवटी महिनाअखेरीला जादा डेटाचे पैसे भरायचे अशी त्यांनी सवय करून घेतली. पैसे भरले की दोन-तीन मिनिटांत वेग पूर्ववत होई.

या दोन-तीन मिनिटांवर थोडे थांबू या. वायर तीच, राउटर तोच, रस्त्यावरची पेटी तीच, शेजारीपाजारी तेच. पैसे पोहोचले आणि वेग आला. म्हणजे वेग होता, फक्त कपाटात ठेवलेला होता. कंपन्या सांगतात की मर्यादा गर्दी टाळण्यासाठी आहे. मूठभर लोक रात्रंदिवस चित्रपट उतरवत बसतात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचे हाल होतात. युक्तिवाद ऐकायला ठीक आहे. मग पहाटे तीन वाजता, वाट रिकामी असताना, मर्यादा संपलेल्या ग्राहकाला पूर्ण वेग का देत नाहीत? गर्दीवरचा उपाय असता तर तो गर्दीबरोबर उठला असता. तो उठत नाही, तेव्हा तो दर आहे, गर्दीशी त्याचा संबंध थोडा. दर लावायला माझी ना नाही. धंदा आहे, लावावा. मात्र त्याला दर म्हणावे. 'अमर्याद' आणि 'वाजवी' हे दोन शब्द एकाच कागदावर छापून ग्राहकाला कोडे घालू नये.

बायबल आणि जुनी गाणी

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे, कारण तो दिसतच नाही. तुमचा सगळा वेग कमी न करता तुम्ही काय पाहता, काय वापरता हे ओळखून तेवढ्यालाच अडसर घालायचा. हे होऊ शकते काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी अमेरिकेतले २००७ सालचे प्रकरण आठवावे.

ऑरेगॉन राज्यातले रॉब टोपोल्स्की हे जाळ्यांच्या तंत्रातले जाणकार गृहस्थ. त्यांना 'बार्बरशॉप' नावाच्या चार आवाजांतल्या जुन्या गाण्यांचा छंद. हक्कांची मुदत संपलेली ही गाणी ते बिटटॉरेंट या पद्धतीने इतरांना देऊ पाहत, तर ती जाईनात. दुसरा असता तर राउटर बंद करून चालू करीत बसला असता. यांनी येणारे-जाणारे संदेश तपासले. त्यांच्या लक्षात आले की त्यांची कंपनी, कॉमकास्ट, मध्येच खोटे संदेश घुसवून दोन संगणकांमधले बोलणे तोडते आहे. टेलिफोनवर दोघे बोलत असताना तिसऱ्याने दोघांचाही आवाज काढून 'बरं, ठेवतो' म्हणावे, तसा प्रकार. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतंत्र चाचणी घेतली. त्यासाठी त्यांनी निवडलेला मजकूर होता बायबल, कुणीही चोरीचा माल म्हणू नये म्हणून. बायबलही अडले.

ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने कंपनीविरुद्ध आदेश दिला आणि एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून. त्यानंतर २०१५ मध्ये कडक नियम आले, डिसेंबर २०१७ मध्ये ते मागे घेण्याचे ठरले, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा मोडीत काढले. सरकार बदलले की नियम बदलतो, असा तिथला खेळ झाला आहे.

या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. २०१५ साली ट्रायने या विषयावर मते मागवली तेव्हा दहा लाखांच्या वर ई-मेल गेले. सरकारी कागदाला इतक्या लोकांनी उत्तर धाडल्याचे उदाहरण विरळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी झाली. जुलै २०१८ मध्ये सरकारने तत्त्व मान्य केले की मजकुरात भेदभाव करून तो अडवता, बिघडवता किंवा मंदावता येणार नाही. पण हे तत्त्व भेदभावाविरुद्ध आहे, मंदीविरुद्ध नाही. सगळ्यांनाच सारखे मंदावले तर त्यात भेदभाव कसला? माझी रात्री साडेनऊची वही त्या नियमात कुठे बसत नाही.

सांगून केलेली मंदी लोक सोसतात, याचाही दाखला आपल्याकडेच आहे. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, सारा देश घरी बसल्यामुळे जाळ्यावर ताण येऊ लागला तेव्हा चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइलवरच्या चित्राची प्रत काही दिवसांपुरती उतरवत असल्याचे जाहीर केले. कारण सांगितले, मुदत सांगितली. लोकांनी फारशी कुरकुर केली नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस असला तर आपण रेडिओचा आवाज स्वतःहून कमी करतो. चीड येते ती कुणी न विचारता, न सांगता आपल्या रेडिओचे बटण फिरवले आणि वर 'तुमचा रेडिओच खराब' असे सांगितले तर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. टेलिफोनच्या तारेतून मोडेमची ती किरकिर, दहा वेळा लावल्यावर एकदा लागणारी लाइन, तेवढा वेळ घरचा फोन बंद. वेग आजच्या मानाने मुंगीचा. पण त्या मंदीला कुणी शिव्या दिल्या तरी तिच्यावर कुणी खोटेपणाचा आरोप केला नाही. तारेत होते तेवढे ती देत होती. आज काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, १ जीबीपीएसच्या गोष्टी होतात, आणि ग्राहकाची खात्री मात्र त्या वेळेइतकीही उरलेली नाही.

दाद कुठे मागायची?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही. ट्राय धोरण ठरवते, एकेकाचा तंटा सोडवत नाही. २०१२ च्या नियमांनी तक्रारीच्या दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद, आणि तिचा क्रमांक मागून घ्यायचा. तो दिल्याशिवाय फोन ठेवू नये. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील. चोराच्या घरी चोराची फिर्याद, असे कुणाला वाटेल. पण ही पायरी चढलेली कागदावर दिसली पाहिजे, कारण तिसरी पायरी आता खुली आहे.

ती बराच काळ बंद होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका टेलिफोन बिलाच्या प्रकरणात म्हटले की जुन्या तार कायद्यात स्वतंत्र लवादाची तरतूद असल्याने असे तंटे ग्राहक न्यायालयात चालणार नाहीत. त्या निकालाच्या आधाराने ग्राहकांना वर्षानुवर्षे दारातूनच परत पाठवले जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केले की दूरसंचार सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. तेरा वर्षांनी उघडलेले हे दार. आमच्या सोसायटीत मी विचारले, हे कुणाला माहीत आहे का? एकालाही नव्हते. दार उघडले आणि आत जाणाऱ्याला सांगितलेच नाही, तर ते उघडे काय नि बंद काय!

आत जायचे तर हातात पुरावा हवा. म्हणून वही. तारीख, वेळ, वायर जोडून मोजलेला वेग, शक्य तर दोन वेगवेगळ्या चाचण्यांनी, तक्रार क्रमांक, आलेल्या उत्तरांच्या प्रती. एका घराची वही म्हणजे रडगाणे ठरेल. एका सोसायटीतल्या दहा घरांच्या वह्यांत रात्री साडेनऊला तोच खड्डा दिसला तर तो पुरावा ठरेल. पाणी कमी आले की आपण सगळे मिळून नगरसेवकाकडे जातो. इंटरनेट कमी आले की प्रत्येक जण आपापल्या दाराआड राउटर बंद करून चालू करतो. कंपन्यांचे सर्वांत मोठे बळ आपल्या या सवयीत आहे.

आणि सरकारकडे मागायचे ते अवघड नाही. इंग्लंडमध्ये मे २०१८ पासून नियम असा, की जाहिरातीत सरासरी वेगाचा आकडा छापायचा तर रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना तो मिळाला पाहिजे. त्या 'पर्यंत'ची त्यांनी अशी मुसक्या बांधून वरात काढली. मार्च २०१९ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांनी मान्य केलेल्या संहितेत पुढचे पाऊल आहे: करारात किमान वेग लिहून द्यायचा, त्याखाली वेग गेला आणि तीस दिवसांत सुधारला नाही तर ग्राहकाला दंड न भरता करार सोडता येतो. एवढे दोन नियम आपल्याकडे आले, तर अर्ध्या तक्रारी होण्याआधीच मिटतील. वाट रुंद करण्याचा खर्च आणि ग्राहक गमावण्याची भीती या दोन पारड्यांत आज दुसरे पारडे रिकामे आहे. त्यात काहीतरी वजन पडले पाहिजे.

जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएसवर नेली. चांगलेच झाले. पण व्याख्येतला आकडा वाढवणे म्हणजे किलोचे वजन नवे घडवणे. ते वजन प्रत्येक दुकानात जाऊन ताडून पाहणारा निरीक्षक अजून नेमायचा आहे. शेर गेले, पायल्या गेल्या, मेट्रिक वजने आली, तेव्हा ती लोकांच्या अंगवळणी पडली ती कायद्याइतकीच शिक्क्यामुळे. शिक्का पाहिला की गिऱ्हाईक निर्धास्त होई. घरात येणाऱ्या या अदृश्य मालाच्या मापावर तसा शिक्का बसेपर्यंत (आणि इथला 'पर्यंत' मी जुन्या अर्थाने वापरतो आहे) प्रत्येक घरात एक वही आणि एक पेन्सिल राउटरशेजारी टांगलेली असावी, एवढेच सांगायचे आहे.